जतचा वन्स मोअर

सातारा,
१२ ऑगस्ट २०२५

प्रिय मधु,

आठवीतला शिवणाचा तास आठवतो का? शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर. कॉन्व्हेंटच्या त्या लांबट खोलीत सहा पायमशिनी होत्या आणि तू नेहमी खिडकीजवळची धरायचीस, कारण तिचं पायडल सैल होतं आणि दर चौथ्या ठोक्याला ते जरा जोरात आपटायचं. सुईत धागा न ओवताच तू मशीन चालवायचीस. कापड पुढे सरकायचं, त्याला नुसती भोकं पडत जायची, आणि ओठ मिटून तू त्या ठोक्यावर काहीतरी गुणगुणत असायचीस. एकदा सिस्टर फिलोमिना मागे येऊन उभ्या राहिल्या. "धागा कुठे आहे?" त्यांनी विचारलं. तू तोंड उघडायच्या आत मीच उठून म्हणाले, "सिस्टर, आत्ताच तुटला." त्यांनी तुझं कापड उचलून उजेडात धरलं. दीड हात नुसती भोकं! तास संपेपर्यंत मला उभं केलं, तुला नाही. बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "शकू, तुला खोटं बोलता येत नाही, तर बोलतेस कशाला?"

हे तू मला वेळेवर सांगितलं होतंस. मीच विसरले.

तुझा बडोद्याचा पत्ता तुझ्या चुलतभावाकडून मिळवला. त्याच्यावर रागावू नकोस, मी त्याला अर्धा किलो कंदी पेढे देऊन फोडला. सदतीस वर्षांनी पत्र टाकते आहे ते कामासाठी. कामाशिवाय लिहिलं असतं तर तू फाडलं असतंस.

सांगलीचं आपलं कृष्णाकाठ संगीत मंडळ अजून चालू आहे. कॉलेजात असताना आपण ज्या खोलीत तालमी करायचो तिथे आता फरशी बसवली आहे, बाकी ढेकणांसकट सगळं तेच. मंडळाचं नवं नाटक बसतं आहे, 'संगीत टँकर'. हसू नकोस. दुष्काळी गावात एकाच दिवशी दोन लग्नं आणि पाण्याचा टँकर एक, अशी गोष्ट आहे. संगीत अनीशचं. अठ्ठावीस वर्षांचा मुलगा, दिवसा कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवतो. मंडळाचं कपाट आवरताना त्याला जुन्या तालमींच्या कॅसेट सापडल्या. त्याने मला फोन केला, "शकूमावशी, ही गाणारी बाई कोण?" आणि फोन टेपरेकॉर्डरजवळ नेला. तुझा आवाज, मधु. 'उतरले चांदणे पायरीवरती.' मी फोन कानाला लावून स्वयंपाकघरात उभी, आणि गॅसवर दूध उतू गेलं.

त्याला ती चाल हवी आहे. शब्द नवे असतील. मी त्याला सांगितलं, चाल मधुची आहे. ती हो म्हणेपर्यंत एक सूरही घ्यायचा नाही.

नाथाजीरावांनी आपलं नाटक बसवताना लावलेली पद्धत या मुलांनी जशीच्या तशी ठेवली आहे. शुभारंभाआधी तीन कोरे प्रयोग. लोणंद, म्हसवड, जत. तोंडाला रंग नाही, अंगावर पोशाख नाही, पेटी, तबला आणि समोर आपल्याला न ओळखणारी माणसं. ज्या पदाला तिन्ही गावांत एकदाही वन्स मोअर मिळत नाही, ते कापायचं. आणि घरच्यांनी, मैत्रिणींनी वन्स मोअर मागायचा नाही.

हे शेवटचं वाक्य लिहिताना तुझा चेहरा दिसला. मग लिहूनच टाकते. आपल्या वेळी जतला मागच्या रांगेतून घोगरा आवाज काढून मीच ओरडले होते. लोणंदला तुझ्या पदाला कुणी मागितला नव्हता, म्हसवडलाही नाही, आणि तिसऱ्या गावात ते कापलं जाणार हे मला बघवत नव्हतं. पद राहिलं. सांगलीच्या शुभारंभाला लोक खोकत बसले. तू विंगेत रडत होतीस आणि तुझी समजूत घालताना माझ्याच तोंडून निसटलं. तू म्हणालीस, "म्हणजे जतलाही कुणाला आवडलं नव्हतं. मला तिथेच कळलं असतं, तर आज माझं हसं झालं नसतं." आणि मग, "तुझी दाद यापुढे मला नको."

त्यानंतर तू गायली नाहीस असं ऐकते. ते खोटं असू दे.

होय की नाही, तेवढंच कळव.

तुझी,
शकू

सातारा,
२३ सप्टेंबर २०२५

प्रिय मधु,

तुझं कार्ड मिळालं. 'चाल घ्या. शकूने तोंड उघडायचं नाही.' दोन वाक्यं, खाली सहीसुद्धा नाही. मी ते फ्रिजवर चुंबकाखाली लावलं आहे. 'ह'ची शेपटी अजून तशीच वर वळवतेस.

शनिवारी लोणंदला पहिला कोरा प्रयोग झाला. तुझी अट अनीशने सगळ्यांना वाचून दाखवली, त्यामुळे माझी काय अवस्था झाली ते ऐक. मंडळाच्या टेम्पोचा ड्रायव्हर बिराप्पा म्हणून आहे, जतकडचा. मिशा पांढऱ्या, आवाज पहाडी. मंगल कार्यालयाच्या दारात त्याने मला अडवलं.

"बाई, तुमी आत जायचं न्हाई. हितं टेम्पोच्या पायरीवर बसायचं."

"अरे, मला ऐकू तरी येऊ दे."

"ऐका की, खिडकी उघडी हाय. पर ह्ये धरा." आणि त्याने माझ्या हातात भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी दिली. "श्रद्धाताईंनी सांगितलंय, पद सुरू झालं की बाईंचं तोंड भरून टाका."

श्रद्धा म्हणजे तुझं पद गाणारी मुलगी. मिरजेची, नाकात चमकी, आणि तोंडाने फटकळ. ती मला म्हणाली, "मावशी, तुमच्या मायेने माझं पद तरलं, तर मला ते नको." मला क्षणभर वाटलं, तूच बोलतेस. मी निमूट पायरीवर जाऊन बसले. तिचा राग नाही आला. उलट बरंच वाटलं.

पद दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला ठेवलं आहे. नवे शब्द आहेत, 'थेंब थेंब भर गं घागरी, घाई कशाची.' श्रद्धा छान गायली. लोणंदकर, बहुतेक कांद्याच्या मार्केटमधले, चहाचे कप हातात घेऊन परत येत होते. एकाने भर पदात विचारलं, "बिस्किटं संपली व्हय?" वन्स मोअर नाही. टँकरच्या ड्रायव्हरच्या पदाला मात्र दोनदा.

मी तोंड उघडलं नाही. शपथ.

तुझी,
शकू

ता. क. हे गेले, त्याला सहा वर्षं झाली. तुला कुणी कळवलं असेल-नसेल. ते नेहमी म्हणायचे, "आम्ही सीमेवर बर्फात असलो तरी तुझं पत्र पोचायचं, मग बडोद्याला कसं पोचणार नाही?" मीच टाकत नव्हते.

सातारा,
६ ऑक्टोबर २०२५

प्रिय मधु,

म्हसवडलाही नाही.

सिद्धनाथाच्या देवळाजवळच्या शाळेत प्रयोग होता. माणसं चांगली होती, हसत होती, टँकर बंद पडतो तिथे तर एका म्हाताऱ्याने उठून आमच्या नटाला कितीचा पाना लागेल ते सांगितलं. पण तुझ्या पदाला पुन्हा तेच. मध्यंतर संपतंय, पोरं आईच्या मांडीवर जागा शोधताहेत, आणि त्या गडबडीत श्रद्धा डोळे मिटून गाते आहे. गाऊन झाल्यावर टाळ्या पडल्या, म्हणजे पाहुण्यांना चहा नको असताना आपण अर्धा कप घ्या म्हणतो, तशा.

आता खरं सांगते. लोणंदला मी शपथ घेतली ती पुरती खरी नव्हती. तोंड उघडलं नाही, पण टाळी वाजवली. दोनदा. बिराप्पाने माझे हात धरले. म्हसवडला मात्र हातही पदराखाली बांधून बसले होते, विचार त्याला.

अनीशचा चेहरा बघवत नाही. तो म्हणतो, "मावशी, चाल खोटी नाही. मग होतंय काय?" श्रद्धा म्हणते, "जतला नाही मिळाला तर कापा. मी रडणार नाही." ती बोलते तुझ्यासारखी, आणि नंतर जिन्यात जाऊन रडते, तेही तुझ्यासारखंच.

जत पंचवीस तारखेला, दिवाळी झाली की. शेवटचं गाव.

मला संगीतातलं कळतं तेवढं तुला माहीत आहे. सिस्टर मला प्रार्थनेत नुसते ओठ हलवायला सांगायच्या. म्हणून तुला विचारते. चाल तुझी आहे. तिला काय हवं आहे, हे तुझ्याशिवाय कोण सांगणार? राग ठेव, हवा तेवढा ठेव. पण मला नाही तर त्या पोरीला उत्तर दे.

तुझी,
शकू

सातारा,
२६ ऑक्टोबर २०२५

मधु, मधु, मधु!

आधी बस. पाणी पी. मी काल रात्री उशिरा जतहून आले, आणि माझा आवाज बसला आहे. ओरडून नाही! शेंगदाणे खाऊन.

तुझं दुसरं कार्ड दिवाळीच्या आदल्या दिवशी पोचलं होतं. बारीक अक्षरात दोन्ही बाजू भरलेल्या, पत्त्याच्या शेजारीसुद्धा. मी ते सांगलीच्या तालमीत सगळ्यांना वाचून दाखवलं. 'दुसरा अंक सुरू होताना कप वाजतात. माझी तेव्हा हीच चूक झाली, आणि नाथाजीरावांनाही ती दिसली नाही. चाल संथ आहे, तिला वाट बघणारी माणसं हवीत. पहिल्या अंकात टँकर येतो, बायका रांगेत उभ्या राहतात, तिथे ठेवा. रंगमंचावर खरी घागर, खरं पाणी, बारीक धार. घागर भरत जाते तसा तिचा आवाज चढत जातो. तो चढेपर्यंत मुलीने वरचा सूर घेऊ नये.' अनीशने कार्ड माझ्या हातातून ओढून घेतलं आणि कपाळाला लावलं. श्रद्धा म्हणाली, "या बाई सदतीस वर्षं गप्प का बसल्या?" माझ्याकडे कुणी बघितलं नाही, हे त्यांचं मोठेपण.

जतला दुपारी तीनला सुरू झालं. धनगर मेंढरं घेऊन बाहेर पडायच्या आधीचे दिवस, त्यामुळे गावात गर्दी. मराठी, कन्नड सगळं एकत्र चाललेलं. मी पायरीवर, बिराप्पा समोर, पुडी उघडी.

आतून घागरीत धार पडल्याचा आवाज आला. मधु, सगळी बडबड थांबली. औंदा तिकडे पाऊस झाला आहे, टँकर नाहीत, पण तो आवाज ऐकून माणसं ताठ बसली. श्रद्धाने सुरुवात केली. धार, तिचा आवाज, तबला अगदी हलका. घागरीचा आवाज चढत गेला, चढत गेला, आणि काठाशी आला तेव्हा तिने तुझा तो वरचा सूर घेतला. बिराप्पाच्या हातातली पुडी तिरकी झाली आणि शेंगदाणे सांडले.

पद संपलं. काहीच नाही. टाळीसुद्धा नाही. मी डोळे मिटले. म्हटलं, गेलं.

मग बायकांतून एक जाडा आवाज आला, "परत म्हन गं बाय!"

मागून कुणी कन्नडमध्ये काहीतरी ओरडलं, मग चारी बाजूंनी, "परत, परत!" अनीशने दारातून डोकं बाहेर काढलं. त्याच्या हातात वही, चेहरा पांढरा. "बिराप्पाकाका, 'परत म्हण' म्हणजे वन्स मोअर धरायचा का?"

"मग काय पोलीस बोलवायचा धरतोस? लिही की!"

तीनदा म्हटलं तिने. तिसऱ्यांदा घागर भरून वाहत होती, आणि पहिल्या रांगेतली म्हातारी ओरडली, "बंद करा रं ते पानी, वाया चाललंय!" सगळं सभागृह हसलं, श्रद्धाही, आणि हसतच तिने शेवटची ओळ धरली.

माझ्या तोंडात तोवर मूठभर शेंगदाणे होते. खाली बिराप्पाची सही घेतली आहे, कन्नडमध्ये. साक्षीदार म्हणून.

पण मला लिहायचं आहे ते पुढचं.

प्रयोग संपल्यावर ती जाड्या आवाजाची बाई बाहेर आली. हरणाबाई. पन्नाशीच्या आतली, हातात काठी, दंडावर गोंदलेलं. श्रद्धाला म्हणाली, "चाल ती न्हाई का, चांदन्याची? शबुद बदलल्यात तुमी."

मी उठून उभी राहिले. "तुम्हाला कशी माहीत?"

"आवं, मी धाईक वर्साची हुते. बाच्या खांद्यावर बसून बगितलं. एक उंच, काळीसावळी बाई गायली हुती. तवापास्नं मेंढरामागं म्हनती मी. माझ्या पोरी म्हनत्यात." आणि काठी टेकवून ती गायला लागली. 'उतरलं चांदनं पायरीवर'. शब्द मोडलेले, पण सूर सरळ. शेवटच्या ओळीला ती वर गेली नाही. खाली वळली, थांबली, आणि मग हळूच वर चढली.

अनीश म्हणाला, "कॅसेटवर असं नाहीये."

नाहीच, मधु. ते वळण तू तालमीत कधी घेतलं नव्हतंस. ते तू फक्त एकदा घेतलंस, जतला, दुसऱ्यांदा गाताना. मी मागच्या रांगेत होते, पण मी ते विसरून गेले होते. काल मेंढपाळणीच्या तोंडून ते आलं आणि मला तू दिसलीस, चोवीस वर्षांची, निळ्या काठाच्या पातळात, कुणीतरी मागितलं म्हणून खुललेली.

मी तिला खरं सांगून टाकलं. म्हटलं, "हरणाबाई, त्या दिवशी वन्स मोअर मी मागितला होता. लबाडी केली होती."

तिने मला खालून वर बघितलं. "लबाडी कसली? तुमी वरडला म्हून ती परत गायली. एकदा ऐकून काय ध्येनात ऱ्हातंय व्हय? दुसऱ्यांदा गायली म्हून तर माझ्यापाशी ऱ्हायली."

मी तुझी माफी मागणार होते. अजूनही मागते. पण हे मी बनवलेलं नाही, मधु. ते वळण मला बनवता येणार नाही, तुला माझा गळा ठाऊक आहे. ते वळण खरं की खोटं, हे जगात फक्त तुलाच सांगता येईल.

शुभारंभ पाच नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, सांगलीत. ये.

शकू

(बिराप्पाची सही. त्याने खाली काहीतरी जास्तीचं लिहिलं आहे. विचारलं तर म्हणतो, "ते त्या बाईंसाटी हाय.")

सांगली,
३ नोव्हेंबर २०२५

प्रिय मधु,

हे पत्र बिराप्पा तुझ्या हातात देईल. तुझी तार म्हणावी असं कार्ड मिळालं: 'वळण माझंच. चार तारखेला मिरजेला उतरते. स्टेशनवर येऊ नकोस, मला फलाटावर रडायचं नाही.' बरं, नाही येत. मी तालमीच्या खोलीत बसून रडेन, तिथे सवय आहे.

बिराप्पाला तू ओळखलं असशीलच, पांढऱ्या मिशा आणि हातात माझ्या नावाची पाटी. स्वतःच्या नावाची पाटी धरायला तो तयार नाही. टेम्पोत पुढे बस. मागे घागरी आहेत, वळणावर वाजतील. घाबरू नकोस. त्याने तुला कन्नडमध्ये काय लिहिलं होतं, ते त्यालाच विचार. मला सांगितलेलं नाही.

सीटवर एक पिशवी ठेवली आहे. तीतलं सामान मी स्वतः वाटू शकले असते, पण तुला माझी युक्ती कळतेच आहे. सगळ्यांना तुझ्या हातून मिळायला हवं.

कंदी पेढ्यांचा मोठा डबा मंडळींना. उघडून मध्ये ठेवू नकोस, एकेकाच्या हातावर दे, नाहीतर तबलजी निम्मा संपवतो.

भडंगाची पिशवी बिराप्पाला. त्याला वाटेतच दे, नाहीतर तो मागणारही नाही आणि बघत राहील.

निळ्या काठाचं पातळ श्रद्धाला. होय, तेच. शुभारंभाच्या त्या रात्री तू विंगेत टाकून गेलीस, मी उचललं. दरवर्षी उन्हात घालत आले. ती रांगेतल्या बाईच्या वेशात तेच नेसणार आहे. निऱ्या तूच घाल, मला तुझ्यासारख्या बसत नाहीत.

वही अनीशला. नाथाजीरावांची १९८८ची. जतच्या पानावर त्यांनी लिहिलंय, 'मधु, वन्स मोअर १.' त्याच्यापुढे मी काल शाईने खरं काय झालं ते लिहून ठेवलं आहे. त्याच्याखाली हरणाबाईंचं नाव आहे. तू वाच, आणि पटलं तरच पुढे सही कर.

पहिल्या रांगेची तिकिटं हरणाबाईंना. त्या पोरींना घेऊन एसटीने येणार आहेत, तीन खुर्च्या धरल्या आहेत. त्यांना काठी दाराशी ठेवायला लावू नका.

मागच्या रांगेची दोन तिकिटं पिशवीच्या आतल्या कप्प्यात आहेत. शेजारशेजारची. एक तुझं, एक माझं.

तळाशी शेंगदाण्यांची पुडी आहे, ती कुणालाही देऊ नकोस. पडदा वर गेला, घागरीत धार पडायला लागली की ती माझ्या हातात दे. माझं तोंड पुरतं भरलंय याची खात्री कर, आणि मग तुला जे ऐकू येईल त्यावर विश्वास ठेव.

शकू